एक जूनला जन्मलेल्यांचा देश

सरकारदरबारी माझ्या आईचा जन्म १ जूनचा. तिच्या दोन्ही भावांचाही १ जूनचाच, आणि त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचाही. महाराष्ट्रात साठीच्या पुढच्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी त्याचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का ते बघत. पोचला की पटावर नाव चढलं, आणि जूनमध्ये वय बसावं म्हणून १ जून ही तारीख ठोकून दिली. आई प्रत्यक्षात जन्मली ज्वारीच्या काढणीत. आजी एवढंच सांगायची.

नावाची गंमत आणखी वेगळी. शाळेच्या दाखल्यावर ती सुमन. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं गेलं ते वैशाली. रेशनकार्डावर घरात हाक मारायचं नाव, आणि मतदार यादीत आडनावातला एक काना गळालेला. तिचा पहिला पासपोर्ट काढायचा ठरला तेव्हा या सगळ्या बायका मिळून एकच बाई आहे हे पटवायला प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात आणि तीन महिन्यांचे हेलपाटे लागले. खिडकीपलीकडच्या साहेबांनी विचारलं, "मग हे आधीच का नाही करून घेतलं?" आम्ही घरी येऊन हसलो. हसता आलं, कारण सगळे कागद फेटाळले गेले असते तरी फार तर नेपाळ-भूतानच्या पलीकडची सहल हुकली असती. आईला कुणी परकी म्हणणार नव्हतं.

ज्यांना म्हणतात त्यांच्यासाठी कायदा काय सांगतो? विदेशी नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्याचं नववं कलम असं होतं की, अमुक माणूस परदेशी आहे की नाही असा प्रश्न उभा राहिला तर आपण परदेशी नाही हे त्या माणसानेच सिद्ध करायचं. पाकीट मारल्याच्या आरोपातसुद्धा पुरावा सरकारने आणायचा असतो, इथे उलटं. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झाला. त्याने चार जुने कायदे गुंडाळले, बनावट पासपोर्टला दोन ते सात वर्षांची कैद ठेवली, हॉटेलांबरोबर रुग्णालयं आणि विद्यापीठांवरही परदेशी लोकांची माहिती कळवण्याची जबाबदारी टाकली. यातलं बरंचसं मला मान्य आहे. पण हा उलटा भारही त्याने तसाच पुढे आणला, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. सीमा खुल्या करा म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. देशात कोण येतं हे देशाला माहीत असलं पाहिजे, आणि चोरून आलेल्याला परत पाठवण्याचा अधिकार सरकारला असलाच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने तो १९५५ मध्येच, हान्स म्युलर या जर्मन माणसाच्या खटल्यात, अगदी निःसंदिग्ध शब्दांत मान्य केला आहे. बांगलादेशाशी आपली सीमा ४,०९६ किलोमीटरची, अर्धीअधिक नद्यानाल्यांतून आणि कुणाच्या तरी भातखाचरांतून जाणारी. तिथून लोक येत नाहीत असं म्हणणारा एकतर भोळा असतो किंवा तसं सोंग घेतो. जानेवारी २०२५ मध्ये वांद्र्याला एका नटावर त्याच्या घरात घुसून चाकूहल्ला झाला. पकडलेला संशयित मेघालयातून चोरून आलेला बांगलादेशी आहे असं पोलिसांनी सांगितलं आणि मुंबई-ठाण्यात मजुरांच्या वस्त्यांवर धाडी वाढल्या. लोकांना वाटलेली भीती खोटी नव्हती.

पण या शहरावर सर्वांत मोठा घाला घालणाऱ्यांसाठी वाट कुणी पाहून ठेवली होती ते आठवून बघा. डेव्हिड हेडली. मूळचा दाऊद गिलानी, अमेरिकन नागरिक. २००६ मध्ये त्याने नाव बदलून घेतलं, शिकागोतून भारताचा रीतसर व्यवसाय व्हिसा मिळवला आणि मुंबईत ताडदेवला कार्यालय थाटलं. कशाचं? इमिग्रेशनचं! लोकांना परदेशी जायला मदत करणारी सल्लागार कंपनी. २००८ च्या हल्ल्याआधी तो कित्येकदा येऊन गेला. ताजमध्ये राहिला, बोटीने बंदरात फिरून किनाऱ्याचं चित्रण करून नेलं. व्हिसाच्या अर्जात बरंच खोटं लिहिलं होतं, हे त्याने २०१६ मध्ये अमेरिकेतून व्हिडिओवर मुंबईच्या न्यायालयात साक्ष देताना स्वतःच सांगितलं. १६६ माणसं गेल्यानंतरही, मार्च २००९ मध्ये, तो पुन्हा भारतात आला; कारण त्याचा पासपोर्ट खरा होता, व्हिसा खरा होता, इंग्रजी फर्डं होतं आणि कोट चांगला शिवलेला होता.

त्यावर आपण काय केलं? पर्यटक व्हिसावर येणाऱ्याने दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचं अंतर ठेवावं असा नियम काढला. हेडली व्यवसाय व्हिसावर येत होता. तीन वर्षं साध्यासुध्या प्रवाशांना ताप दिल्यावर २०१२ मध्ये तो नियम बहुतेकांसाठी उठवला गेला.

आता त्या रात्रीचा दुसरा भाग. कसाब आणि त्याचे नऊ साथीदार 'कुबेर' नावाच्या मासेमारी बोटीचा ताबा घेऊन समुद्रातून आले आणि रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. कुठल्याही इमिग्रेशन काउंटरसमोर ते उभे राहिले नाहीत. त्यांना पहिल्यांदा पाहिलं आणि हटकलं ते किनाऱ्यावरच्या कोळी लोकांनी. पाठीवर बोजे, अंगात नवे कपडे, बोलायची तऱ्हा उर्मट. वस्तीतल्या माणसांना खटकलं. सुरक्षेची पहिली नजर ही अशी असते: जो रोज तिथे असतो त्याची. बांधकामाच्या साइटवरचा बिगारी, नाक्यावरचा भंगारवाला, रात्रपाळीचा वॉचमन यांना जे दिसतं ते पोलिसांना दिसत नाही. त्यांनी चौकीत जाऊन सांगायला हवं असेल तर चौकीत गेल्यावर पहिला प्रश्न "तू कुठला?" असा येता कामा नये.

वॉचमनवरून आठवलं. आमच्या सोसायटीचा वॉचमन नेपाळचा. १९५० च्या करारामुळे त्याला व्हिसा लागत नाही आणि भारत-नेपाळ सीमा साडेसतराशे किलोमीटर खुली आहे. १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं आपलं विमान अपहरण करून कंदाहारला नेलं गेलं, तरी ती सीमा कुणी बंद केली नाही, आणि ते योग्यच झालं. आमच्या वॉचमनला त्याचे कागद कुणीही विचारत नाही. म्हणजे परका कोण वाटावा हे आपण नकाशा पाहून ठरवत नाही.

कागद विचारले जातात ते आमच्या बाथरूमच्या फरशा बसवणाऱ्या मिस्त्रीला. तो पश्चिम बंगालमधल्या मालद्याचा. कामाला येताना करणी, ओळंबा, थापी आणि फरशी कापायच्या मशीनबरोबर एक निळी प्लास्टिकची फाइल आणतो. सुरुवातीला मला वाटलं बिलं असतील. जेवणाच्या सुट्टीत त्याने उघडून दाखवली. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, पंचायतीचा दाखला, वडिलांच्या नावाचा जमिनीचा उतारा आणि जुन्या मतदार यादीच्या एका पानाची छायाप्रत. त्यात आजोबांच्या नावाखाली पेनाने रेघ. प्रत्येक कागद लॅमिनेट केलेला. "पावसात भिजतात," तो हिंदीत म्हणाला. लॅमिनेट केलेला उतारा मी पहिल्यांदाच पाहिला. आमच्या गावाकडच्या घराचा सातबारा कुठल्या कपाटात आहे, मला आजही सांगता येणार नाही.

एवढी फाइल बाळगूनही तो घाबरतो, आणि त्याला कारण आहे. जून २०२५ मध्ये मिरा रोडला राबणारा मुर्शिदाबादचा एक गवंडी असाच उचलला गेला, बांगलादेशाच्या सीमेकडे नेला गेला आणि रात्रीच्या अंधारात पलीकडे ढकलला गेला. घरच्यांनी आणि पश्चिम बंगाल सरकारने कागद पाठवले होते. त्याच्यासह महाराष्ट्रातून असे ढकललेले आणखी काही जण काही दिवसांत परत आणावे लागले, कारण ते भारतीयच होते. मुंबईला यातलं काही नवीन नाही. जुलै १९९८ मध्ये इथून बांगलादेशी म्हणून पकडलेल्या बंगाली लोकांना रेल्वेने नेत असताना हावड्याजवळ उलुबेरिया स्टेशनात जमावाने गाडी अडवून त्यांना उतरवून घेतलं होतं. सत्तावीस वर्षांत पद्धत सुधारली ती एवढीच की आता वाटेत स्टेशन लागत नाही.

उलट्या भाराच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. आपण कुठे जन्मलो, आईबाप कुठले, हे त्या माणसालाच ठाऊक असतं. पोलीस ते कुठून शोधणार? आसामसाठी १९८३ मध्ये वेगळा कायदा केला होता, त्यात भार सरकारवर होता. दोन दशकांत त्या कायद्याखाली हाकलले गेले जेमतेम दीड हजार लोक. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि बेकायदा स्थलांतराची तुलना थेट बाह्य आक्रमणाशी केली. आसामी माणसाची भाषेबद्दलची, जमिनीबद्दलची धास्ती ज्याने जवळून पाहिली आहे तो तिला नुसता द्वेष म्हणणार नाही. मुंबईत मराठी माणसाने तर तसं म्हणूच नये.

पण तो १९८३ चा कायदा भार सरकारवर होता एवढ्यानेच लंगडला नाही. तक्रार कुणी करायची, किती अंतरावर राहणाऱ्याने करायची, यावरच त्यात अशा अटी घातल्या होत्या की तक्रार दाखल होणंच मुश्किल. मग भार पूर्ण उलटा टाकून काय मिळालं? आसामातली राष्ट्रीय नागरिक नोंदणी घ्या. ३१ ऑगस्ट २०१९ ला अंतिम यादी आली. बाराशे कोटींहून जास्त खर्च, कित्येक वर्षं अख्खं राज्य रांगेत, आणि १९,०६,६५७ लोक यादीबाहेर. त्यात एका घरातला एक भाऊ आत आणि दुसरा बाहेर असे प्रकार निघाले. लग्नानंतर नाव-गाव बदललेल्या आणि माहेरच्या कागदावर आपलं नाव नसलेल्या बायकांचे हाल झाले. ही यादी ज्यांनी मागितली त्यांनाच ती मान्य झाली नाही. काहींना आकडा फार लहान वाटला, काहींना त्यात भलतीच माणसं दिसली. सुमन आणि वैशाली एकच, हे सिद्ध करायला आमच्याकडे वेळ होता, पैसा होता आणि ओळखीचा वकील होता. ब्रह्मपुत्रेच्या पुरात दर दोन वर्षांनी घर वाहून जाणाऱ्या बाईकडे यातलं काय असणार?

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसाममधल्याच एका माणसाला भारतीय ठरवलं. २०१२ मध्ये, कोण परदेशी हे ठरवणाऱ्या तिथल्या न्यायाधिकरणाने त्याला परदेशी घोषित केलं होतं. कागदांत नावाच्या स्पेलिंगचे आणि तारखांचे किरकोळ फरक होते, एवढ्यावर. न्यायालय म्हणालं की १९४६ च्या कायद्याचं कलम ९ असलं तरी वाटेल त्याला धरून "सिद्ध कर" म्हणता येत नाही; संशयाला आधार काय हे आधी सरकारने समोर ठेवलं पाहिजे. मला ही वाट पटते. पहिलं पाऊल सरकारचं: काय माहिती आहे, कुठून आली, ते लिहून द्या. त्यानंतर उत्तर द्यायची वेळ माणसाची. भार पूर्ण इकडे किंवा पूर्ण तिकडे, असं असायचं कारण नाही. पण नव्या कायद्याच्या मजकुरात हा निकाल उतरलेला नाही, आणि नाक्यावरचा हवालदार निकालपत्रं वाचत नाही.

त्यात आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातल्या एका जामीन प्रकरणात सांगितलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असणं म्हणजे नागरिकत्व असणं नव्हे. कायद्याने हे बरोबर आहे. ही कार्डं बनावट निघतात हेही खरं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर उशिराच्या जन्मनोंदणीचे अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडून महसूल खात्याकडे आले, आणि मालेगावपासून अमरावतीपर्यंत दाखल्यांविषयी इतक्या तक्रारी झाल्या की राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. ठीक. मग नागरिकत्व सिद्ध करणारा एक कागद कोणता? तसा कागद आपण सर्वसामान्य माणसाला दिलेलाच नाही. १९८७ च्या जुलैआधी इथे जन्मलेल्याला जन्म पुरेसा आहे. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्याला मात्र एक पालक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नाही, हे दाखवावं लागतं. म्हणजे २००५ मध्ये जन्मलेल्या माझ्या भाचीचं नागरिकत्व शेवटी तिच्या आईबापांच्या कागदांवर उभं, आणि त्यांचं? पुन्हा कुणातरी गुरुजींनी ठोकून दिलेल्या १ जूनवर. ज्या दुकानात माल नाही तिथली पावती आपण लोकांकडे मागतो आहोत.

आणि जो खरोखर परदेशी ठरला त्याचं पुढे काय होतं? फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती अभय ओक यांनी आसाम सरकारला विचारलं होतं की मुहूर्ताची वाट बघताय का. परदेशी ठरवलेले ६३ लोक छावणीत पडून होते आणि त्यांचे पत्ते ठाऊक नाहीत म्हणून पाठवता येत नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. राज्यघटनेचं एकविसावं कलम 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणतं. अटक झालेल्याला २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करा असं बाविसावं कलम सांगतं. त्यातही शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि प्रतिबंधक कैद एवढेच अपवाद आहेत, बाकी परदेशी माणसालाही ते लागू. संविधान लिहिणाऱ्यांनी फाळणीचे लोंढे डोळ्यांनी पाहिले होते. सुरक्षेचा प्रश्न त्यांना कळत नव्हता, असं कुणी म्हणू नये.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरले. त्यात तिघे महाराष्ट्रातले. हातापायांत बेड्या घालून आणल्याचं कळलं तेव्हा आपल्याकडे संताप झाला, माझाही झाला. परंतु एक गोष्ट त्या संतापात राहून गेली. त्या विमानातला प्रत्येक जण भारतीय आहे हे भारत सरकारने तपासून मान्य केलं होतं. दिवसाढवळ्या विमान उतरलं, नावांची यादी होती, घ्यायला माणसं होती. बेड्या घालणाऱ्या देशानेसुद्धा त्यातल्या कुणाला रात्री टेक्सासच्या नदीत ढकलून "जा तिकडे" म्हटलं नाही. दुसऱ्या देशाने 'हा आमचा' म्हटल्याशिवाय माणूस परत पाठवला असं म्हणताच येत नाही. तो नुसता कुंपणापलीकडे टाकला जातो. असा टाकलेला माणूस आठ दिवसांनी दुसऱ्या भोकातून परत येतो, या वेळी कुठल्याच नोंदीत नसलेला. सुरक्षेचा हिशेब म्हणूनसुद्धा हा तोट्याचा आहे.

म्हणून माझ्या मागण्या रुक्ष आहेत. ज्याला उचललं त्याला २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर न्या, नुसती भाषणं नकोत. संशयाचं कारण लेखी द्या. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील पहिल्या दिवसापासून द्या. तो सांगतो त्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाला पत्र पाठवा आणि उत्तर येईपर्यंत त्याला राज्याबाहेर हलवू नका. मे २०२५ मध्ये केंद्राने पडताळणीला ३० दिवसांची मुदत घातल्याच्या बातम्या होत्या. मुदत असावीच, पण ती उत्तर देणाऱ्या जिल्ह्यावर बंधनकारक असावी, मुकाट राहिलेल्या जिल्ह्याचा दोष मजुराच्या माथी नको. आणि परदेशी ठरला, बांगलादेशाने मान्य केला, की खुशाल पाठवा. मी त्याच्यासाठी मोर्चा काढणार नाही. यात गुप्तचर खात्याचं एकही शस्त्र बोथट होत नाही. उलट मजुरांच्या वस्त्यांवर रात्र-रात्र धाडी घालणारी माणसं मोकळी झाली तर ताडदेवला नवं कार्यालय उघडणाऱ्या एखाद्या कोटवाल्याचा अर्ज नीट वाचायला वेळ मिळेल.

मिस्त्रीचं काम संपलं त्या दिवशी हिशेब झाल्यावर तो घुटमळला. मला वाटलं वर दोनशे मागणार. त्याने फाइलमधल्या सगळ्या कागदांचा झेरॉक्स संच पुढे केला आणि म्हणाला, "आपके पास रहने दीजिए. फोन छीन लेते हैं, कागज भी." मागच्या बाजूला त्याच्या भावाचा नंबर होता. माझ्याकडच्या त्या संचाला कायद्यात काडीची किंमत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यालाही असावं. आईच्या राजपत्राच्या पाकिटात मी तो घालून ठेवला आहे.